ठिपक्याएवढे देश आणि जगाचे नियम

लिश्टेनस्टाइन हा देश स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या बेचक्यात आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साधारण ४० हजार. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटरची आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिच्यात १७ लाख २७ हजार माणसे मोजली गेली. नुसत्या सांगवी-पिंपळे गुरवच्या पट्ट्यात या अख्ख्या देशाहून जास्त लोक राहतात. सैन्य लिश्टेनस्टाइनने १८६८ सालीच मोडीत काढले. चलन शेजारच्या स्वित्झर्लंडचे वापरतात. देशात विमानतळ नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९० पासून त्यांची खुर्ची आहे. मतदान झाले की १४० कोटींच्या भारताचे मत एक आणि लिश्टेनस्टाइनचेही एकच.

या एका मताचे आणि खुर्चीचे हा देश काय करतो? २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा ठराव सुरक्षा परिषदेत आला आणि रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. दोन महिन्यांनी, २६ एप्रिलला, आमसभेने मतदान न घेता एकमताने एक ठराव मंजूर केला. यापुढे सुरक्षा परिषदेच्या कायम सभासदांपैकी, म्हणजे पाच बड्यांपैकी, कुणीही नकाराधिकार वापरला, की दहा कामकाजी दिवसांच्या आत आमसभा भरेल आणि त्यावर चर्चा होईल. नकाराधिकार शाबूत राहिला, पण तो वापरणाऱ्याला सगळ्या जगासमोर आपली बाजू मांडावी लागण्याची सोय झाली. हा ठराव लिहून, एकेका देशाच्या प्रतिनिधीला गाठून त्यासाठी पाठिंबा जमवण्यात पुढाकार होता लिश्टेनस्टाइनचा.

जगाच्या राजकारणाविषयी आपल्या गप्पा बहुधा 'बळी तो कान पिळी' यावर येऊन थांबतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. बळाच्या जोरावर लहान देशाला काहीच मिळवता येत नाही, म्हणून तो आपली सगळी हुशारी नियम घडवण्यात घालतो. मोठ्याचे नियमावाचून अडत नाही, लहानाचे पदोपदी अडते. मग ज्याला गरज जास्त, तोच मसुदा लिहायला बसतो. असे लिहिलेले नियम पुढे मोठ्यांनाही लागू होतात आणि चाकणच्या कारखान्यापर्यंत, मुंबई हायच्या तेलापर्यंत येऊन पोहोचतात.

लहान म्हणजे किती लहान?

याचे ठरलेले माप नाही. राष्ट्रकुल १५ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या देशांना लहान म्हणते, म्हणजे त्या मापाने पिंपरी-चिंचवड मोठे ठरेल. संयुक्त राष्ट्रांत सिंगापूरने १९९२ मध्ये 'लहान राष्ट्रांचा मंच' सुरू केला, तेव्हा साधारण एक कोटीच्या आतले देश त्यात धरले. सुरुवातीला सभासद होते १६, आज १०८ आहेत. संयुक्त राष्ट्रांचे एकूण सभासद १९३. म्हणजे जगातले निम्म्याहून जास्त देश या मापाने लहान आहेत. मोठे देश हा खरे तर अपवाद आहे, बातम्यांत मात्र तेवढेच दिसतात.

लोकसंख्येइतकेच महत्त्वाचे माप दुसरे आहे. आपल्या भोवतालची परिस्थिती स्वतःच्या ताकदीवर बदलता येते का? अमेरिका किंवा चीन आयातकर वाढवतात तेव्हा बाकीचे जग हिशेब नव्याने मांडते. आइसलँडने तेच केले तर आइसलँडमध्ये महागाई वाढेल, इतकेच. परिस्थिती बदलता येत नसेल, तर निदान ती अचानक बदलू नये एवढी तजवीज करणे हे लहान देशाच्या परराष्ट्र धोरणाचे पहिले काम होऊन बसते.

पवनेपलीकडचा स्वीडन

जुनी सांगवी मुळा आणि पवना यांच्या संगमाला लागून आहे. पवना ओलांडली की दापोडी. तिथे मुंबई-पुणे रस्त्याला लागून सँडविक, अॅटलास कॉप्को, अल्फा लावल ही नावे दिसतात. पुढे चिंचवडला एसकेएफ. चारही कंपन्या मूळच्या स्वीडनच्या. अल्फा लावलचा भारताशी संबंध १९३७ पासूनचा, सँडविक आणि अॅटलास कॉप्को १९६० मध्ये आल्या, एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना त्याच दशकातला. अॅटलास कॉप्कोच्या आवाराच्या पत्त्यातच 'स्वीयानगर' आहे. सांगवी, दापोडी, कासारवाडीतल्या कित्येक घरांची चूल या कंपन्यांच्या पगारावर पेटली.

स्वीडनची लोकसंख्या २०१७ मध्ये कुठे एक कोटीवर गेली. आपल्या पुणे जिल्ह्यात २०११ सालीच ९४ लाख लोक होते. इतक्या लहान देशातून एवढे कारखाने बाहेर का पडले? कारण घरचे गिऱ्हाईक पुरत नाही. १९०७ मध्ये योटेबोर्ग शहरात निघालेली एसकेएफ नुसत्या स्वीडनला बेअरिंगे विकत बसली असती, तर कधीच थकली असती. लहान देशातल्या उद्योगाला पहिल्या दिवसापासून परदेशी बाजार लागतो. परदेशी बाजार म्हटला की दुसऱ्याचे कायदे, दुसऱ्याचे आयातकर आणि दुसऱ्याची मोजमापे आली. पीटर कॅट्झेनस्टाइन या अभ्यासकाने १९८५ मध्ये युरोपातल्या लहान देशांवर लिहिलेल्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. हे देश दारे बंद करून घेत नाहीत. बाहेरच्या बाजाराचे हेलकावे ते सोसतात आणि त्याची झळ घरातल्या कामगार-मालकांनी वाटून घ्यावी अशी व्यवस्था उभी करतात.

हे जवळून पाहायचे तर भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जावे. सीएनसी लेथवरच्या माणसाच्या हातात कार्बाइडचा इन्सर्ट असतो. नखाएवढा तुकडा, मधोमध भोक. होल्डरवर आवळायचा, एक कोपरा बोथट झाला की फिरवायचा, एक बाजू संपली की उलटा करायचा, असे चार कोपरे वापरून झाले की टाकायचा. डबीवर छापलेले असते : सीएनएमजी १२०४०८. यातला 'सी' म्हणजे ८० अंशांच्या कोनाचा समभुज चौकोन, १२ ही कडेची लांबी मिलिमीटरमध्ये, ०४ हा जाडीचा आकडा, ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. ही अक्षरे कुण्या एका कंपनीची नाहीत. ती आयएसओ १८३२ या जागतिक मानकातून आलेली आहेत. म्हणून स्वीडिश कंपनीचा इन्सर्ट तैवानच्या किंवा बंगळुरूच्या होल्डरवर बिनबोभाट बसतो आणि सुपरवायझरला नुसता आकडा सांगितला तरी पुरते.

आयएसओ ही संस्था १९४७ पासून चालते, मुख्यालय जिनिव्हाला. तिथे देशागणिक एक मत, भारताच्या वतीने भारतीय मानक ब्युरो बसतो. अमेरिका किंवा चीनला स्वतःचे वेगळे माप काढून घरच्या बाजारात चालवता येते. स्वीडनला, स्वित्झर्लंडला ते परवडत नाही. सगळ्या जगाचे माप एक असणे ही त्यांच्या पोटाची गरज आहे, म्हणून असल्या समित्यांत ते चिकाटीने बसतात.

याच गरजेतून झालेला एक ताजा करार आपल्या दाराशी आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या 'एफ्टा' गटाने १० मार्च २०२४ रोजी भारताशी व्यापार करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. बोलणी २००८ पासून चालली होती. चौघांची मिळून लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास. करारात त्यांनी १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि दहा लाख थेट रोजगार यांचे उद्दिष्ट मान्य केले आहे. ते पुरे झाले नाही, तर भारताला आपल्या करसवलती मागे घेण्याची वाट कलमांत ठेवली आहे. आकाराने मोठा असलेला बाजार उघडून घेण्यासाठी लहान देश काय मोजायला तयार होतात, याचा हा लेखी नमुना आहे.

समुद्राचा कायदा कुणी लिहिला?

चाकणहून निघालेला कंटेनर न्हावा शेवाला जातो. तिथे धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या मागच्या अंगावर नावाखाली नोंदणीचे बंदर रंगवलेले असते. बऱ्याचदा ते असते पनामा, मनरोव्हिया किंवा माजुरो. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन देशांकडे जगातला सर्वांत जास्त जहाज-टनभार नोंदलेला आहे. माजुरो ही मार्शल बेटांची राजधानी. तो देश पॅसिफिकमध्ये, माणसे चाळीस हजारांच्या घरात. त्यांची जहाज-नोंदणी चालवणारी कचेरी तर अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात आहे. ध्वज लावू देण्याचा हक्क हा सार्वभौमत्वाचा एक तुकडा असतो. काही लहान देश तो भाड्याने देतात आणि त्यावर तिजोरी चालवतात. जहाज वाहतुकीचे काही आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायचे, तर ठरावीक टनभार असलेल्या देशांनी ते मान्य करावे लागतात. त्यामुळे या नोंदणीला व्यापारापलीकडे राजकीय वजनही येते.

समुद्राच्या मूळ कायद्याची गोष्ट याहून मोठी आहे. माल्टा हा भूमध्य समुद्रातला ३१६ चौरस किलोमीटरचा द्वीपदेश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांत लांबलचक भाषण केले. खोल समुद्राच्या तळाशी असलेली खनिजे ज्याच्याकडे यंत्रे त्याची होऊ नयेत, तो सगळ्या मानवजातीचा वारसा मानावा, हा त्याचा आशय. त्यातून पुढे १९७३ ते १९८२ अशी समुद्र कायद्याची परिषद चालली. पहिले अध्यक्ष श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे. १९८० मध्ये ते वारले आणि सिंगापूरचे टॉमी कोह अध्यक्ष झाले. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे इथे करारावर सह्या झाल्या. पहिली मंजुरी फिजीची. करार प्रत्यक्ष लागू व्हायला साठ मंजुऱ्या हव्या होत्या, साठावी गयानाची. माल्टा, श्रीलंका, सिंगापूर, जमैका, फिजी, गयाना ही नावे ओळीने वाचली की हे काम कुणी तडीस नेले ते वेगळे सांगावे लागत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, मासे आणि तळाखालच्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क. मुंबई हायचे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी, परिषदेत आकार घेत असलेली २०० मैलांची कल्पना धरून, भारताने आपला सागरी क्षेत्रांचा कायदा केला. कोकणातला मच्छीमार परदेशी ट्रॉलरविरुद्ध तक्रार करतो ती याच कायद्याच्या बळावर.

तेव्हा मोठे आपण होतो

आतापर्यंतच्या गोष्टीत लहान देशाची बाजू घेणे सोपे होते. एका प्रकरणात मात्र लहान देश समोर उभा होता आणि कोर्टात खेचला गेला होता भारत.

२१ आणि २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांचे स्वयंसेवक त्यात होते. पुण्या-मुंबईचे राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे त्या मोहिमेशी जोडलेली आहेत. दमणहून आपली फौज तिकडे नेण्याचा पोर्तुगालचा रस्ता भारताच्या भूमीतून जात होता आणि भारताने तो अडवला. पोर्तुगालची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्याही आत. लढून भारताकडून काही परत घेणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. मग त्यांनी लहान देशाच्या भात्यातले सगळे बाण काढले.

पहिला बाण म्हणजे जागा. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा विमानतळ अमेरिकेला हवा होता आणि पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सभासद होता. २ डिसेंबर १९५५ च्या संयुक्त निवेदनात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी गोव्याचा उल्लेख पोर्तुगालच्या प्रांतांत होऊ दिला. भारतात त्यावर मोठे वादळ उठले. दुसरा बाण म्हणजे न्यायालय. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि २२ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला.

खटल्यात पेशव्यांचे कागद निघाले. १७७९ मध्ये पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांशी तह करून नगर हवेलीकडच्या गावांतून १२ हजार रुपयांचा वसूल त्यांना लावून दिला होता. पेशव्यांनी दिले ते राज्य होते की नुसता वसूल, यावर हेगला देशोदेशीच्या न्यायाधीशांसमोर खल झाला. न्यायालयाने मानले की तो सरंजामासारखा वसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हते. इंग्रजी अमलात मात्र पोर्तुगालची सत्ता तिथे मान्य होत गेली. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने दोघांनाही थोडे थोडे दिले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, पोलिस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क ८ विरुद्ध ७ ने नाकारला गेला. आणि भारताने कोणतेही बंधन मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरले.

पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. बाजूने सात मते, विरोधात चार. विरोधात होते सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक, सिलोन आणि लायबेरिया. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. या मतदानाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. लिश्टेनस्टाइन ज्या नकाराधिकाराला जाब विचारू पाहतो, त्यानेच एकदा भारताची बाजू सांभाळली. आणि भारतासोबत उभे राहिलेल्या चारांत सिलोन आणि लायबेरियासारखे लहान देश होते, कारण वसाहतीचा हक्क मान्य करणे त्यांना कधीही परवडणारे नव्हते. पोर्तुगालचे बाण नेमके होते. पण ज्या हक्कासाठी ते सुटले, तो हक्कच काळाने बाद ठरवला होता. लहान देशाचे डावपेच चालतात ते बहुसंख्य जगाला आपले वाटेल असे काही त्यांच्या मागणीत असते तेव्हा.

मॉरिशसने ब्रिटनला कसे नमवले

अशी मागणी कशी मांडायची हे मॉरिशसने दाखवले. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून माणसे या बेटावर गेली, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट, जिथे त्यांची पहिली नोंद होई, २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. आज तिथल्या मराठी समाजाच्या संस्था आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे पिंपरी-चिंचवडहून कमी.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी १९६५ मध्येच ब्रिटनने चागोस बेटे त्याच्यापासून तोडून स्वतःकडे ठेवली आणि त्यांतले डिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिले. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना उठवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून टाकले. ब्रिटन आणि अमेरिका, दोघेही सुरक्षा परिषदेतले बडे. त्यांच्याविरुद्ध मॉरिशसकडे ना सैन्य, ना पैसा.

मॉरिशसने एकेक दार ठोठावले. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी अभयारण्य जाहीर केले. मॉरिशसने त्याच समुद्र कायद्याचा आधार घेऊन लवादाकडे धाव घेतली आणि २०१५ मध्ये ते अभयारण्य बेकायदा ठरले. मग आफ्रिकी देशांना सोबत घेऊन २२ जून २०१७ रोजी आमसभेत ठराव आणला, की हेगच्या न्यायालयाचे मत मागवावे. बाजूने ९४, विरोधात १५. भारताने बाजूने मत दिले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ असे मत दिले, की बेटे तोडणे बेकायदा होते आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेत ११६ विरुद्ध ६ अशी मते पडली. ब्रिटनच्या बाजूने मोजून पाच देश राहिले.

न्यायालयाचे ते मत सल्ल्यापुरते होते, बंधनकारक नव्हते. तरी ब्रिटनला दरवर्षी जगापुढे खाली मान घालणे अवघड झाले आणि २२ मे २०२५ रोजी करार झाला. बेटांवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य, डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, भाडे सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड. सहीनंतरही लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये त्यावरून वाद चालू राहिला. मूळ चागोसवासीयांतल्या अनेकांना आपल्याला विचारलेच नाही ही खंत आहे, आणि ती खोटी नाही.

मॉरिशसची दुसरीही एक बाजू आहे. भारताशी १९८० च्या दशकात झालेल्या करसंधीमुळे मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसमध्येही तो नव्हता. पोर्ट लुईत नुसत्या पाट्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि मॉरिशस अनेक वर्षे भारतातल्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसत राहिला. १० मे २०१६ रोजी ही संधी बदलली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारताला कर लावता येऊ लागला. कायद्याने न्याय मागणारा आणि कायद्यातली फट विकणारा, असा एकच देश असू शकतो.

जिथे हात टेकतात

लहान देशांचे यश पाहून भाबडे होण्याचे कारण नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळला, तेव्हा सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी निषेध केला. कुवेत परत मिळाला तो पुढच्या वर्षी, मोठ्यांची सैन्ये उतरली तेव्हा. त्या मोठ्यांना तेलाची फिकीर नसती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. बारा हजार वस्तीच्या नाउरूने जानेवारी २०२४ मध्ये तैवानची मान्यता काढून चीनला दिली. अशा वेळी मतामागचे तत्त्व किती आणि मदतीची गरज किती, ते उघड दिसते. दोनशे वर्षे लष्करी गटांपासून दूर राहिलेला स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी नाटोत गेला. नियमांवरचा भरवसा उडाला की लहान देश मोठ्याचे छत्र शोधतो.

म्हणून शहाणे लहान देश नियम मोडणारा मित्र असला तरी बोलतात. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरवले, तेव्हा अमेरिकेचा मित्र असूनही सिंगापूरने विरोधात मत दिले. २०२२ मध्ये त्याच सिंगापूरने रशियावर निर्बंध घातले. आज दुसऱ्यासाठी नियम सोडला, तर उद्या आपल्या वेळी तो मागायला तोंड उरत नाही, हा त्यामागचा रोकडा हिशेब आहे.

भारताला यातून काय घ्यायचे?

भारत आता मोठ्यांच्या पंगतीत बसू पाहतो. सुरक्षा परिषदेत कायम जागा हवी, तर संयुक्त राष्ट्रांची सनद बदलावी लागेल आणि त्यासाठी १९३ पैकी किमान १२९ मते लागतील. पाच बड्यांची संमती वेगळीच. हे १२९ लहान देशांशिवाय जमणार नाहीत. याचा अनुभव भारताने एकदा घेतला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये हेगच्या न्यायालयातल्या एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड यांच्यात चुरस झाली. सुरक्षा परिषद ब्रिटनच्या बाजूने होती, आमसभा भारताच्या. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि शेवटी ब्रिटनने माघार घेतली. १९४६ नंतर पहिल्यांदाच त्या न्यायपीठावर ब्रिटिश न्यायाधीश राहिला नाही. हे घडवले आमसभेतल्या मतांनी, आणि आमसभेत बहुमत लहानांचे असते.

ही मते भाषणांनी मिळत नाहीत. मालदीवमध्ये २०२३ ची निवडणूक भारतीय सैनिक नकोत या मुद्द्यावर लढली गेली आणि १० मे २०२४ च्या आत ते सैनिक परत आले. त्यांची जागा तंत्रज्ञांनी घेतली. भारताने आकांडतांडव केले नाही. उलट अडचणीत आलेल्या मालदीवला त्याच वर्षी ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठीला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. लहान शेजाऱ्याला 'नको' म्हणायची मुभा देणे हे मोठ्याला जड जाते, पण त्यातूनच तो पुढे कधीतरी 'हो' म्हणण्याची शक्यता जिवंत राहते.

जगातले बाकीचे लहान देश भारताला जोखतात ते तो माले, थिंफू, काठमांडू आणि कोलंबो यांच्याशी कसा वागतो यावरून. तिथल्या प्रत्येकाकडेही आमसभेत एकेक मत आहे.